पुस्तकातली दाई अन् आमची सुईन

मी सातवी शिकली. आठवीत नाव टाकलं होतं, पन शाया दुसऱ्या गावाले अन् मधात नाला, मंग बाबा म्हने बस झालं आता. पन वाचता मले चांगलं येते, मोठ्यानं वाचता येते, अन् ह्या वाचण्यानंच मले अशा फजितीत टाकलं का पुसू नका. लहानी झोपली हाय. उठाच्या आंधी जेवढं होते तेवढं लिहून घेतो.

आमचं गाव वडनेरच्या बाजूले. सासूनं लाख वातीचा नवस बोलला होता. पहिली पोरगी झाली, आता दुसऱ्याले नातू होऊ दे, देवापुढं लाख वाती लावीन, असं. आता लाख वाती काई एकट्या बाईच्या हातून होत नाई, म्हनून गल्लीतल्या बाया दुपारी भांडी-कुंडी झाली का आमच्या ओसरीत येत. कापूस घरचाच. बोटाले राख लावाची, कापूस ओढाचा, पीळ द्याचा, टोपल्यात टाकाचा. हात चालत अन् हातापेक्षा तोंडं जास्ती चालत, अन् तोंडं चालली का भांडनं होत. एक दिवस सासू मले म्हने, "अवं, तू सातवी शिकली ना? मंग काई वाच. ह्या बायाची तोंडं तं बंद होतीन."

आमचे हे हिंगनघाटले कापसाच्या जिनिंगमधे कामाले जातात. तिथं बाजारात एका दुकानात पुस्तकं वाचाले भेटत, वाचून वापस कराची. त्यायनं एक आनलं, मंग त्याच्या पुढचं, मंग त्याच्या पुढचं. ते एका विहिरीखालच्या राज्याचं पुस्तक होतं. एक नाई, साहा पुस्तकं, एकाले एक जोडून. एका रानीचं बारा दिवसाचं लेकरू चोरी जाते अन् त्याले विहिरीतून खालच्या राज्यात नेते. त्या विहिरीले पायऱ्या असते, जेवढ्या उतराव तेवढ्या वाढते. खाली गेलेलं मानूस वरचं सारं भुलते, आपलं नाव बी भुलते. मंग रानी जाते लेकराले आनाले, अन् संग जाते एक बुढी दाई. दाई काऊन? तं खाली हजारो लेकरं, सारे एकसारखे. पन आपल्या हातानं कापलेली नाळ दाई ओयखते. बेंबी पाहून सांगते, हे माह्या हातचं, हे नाई.

बायाले रानीपेक्षा दाईच आवडे. रानी म्हंजे नुसती रडे. दाई भांडे, शिव्या दे, भूताच्या अंगावर जाये, अन् कंबरेच्या पिशवीत सुपारी ठेवे.

अन् आमच्या ओसरीच्या शेवटच्या पायरीवर आमची खरी सुईन बसे. बौद्धपुऱ्यातली. पुस्तकात दाई लिहिलं होतं, आमी सुईन म्हनतो, काम एकच. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली, आमच्या ह्यायची बी तिनंच. ती वाती नाई करे, त्यायच्यात ते देवाधर्माचं नाई करत. जुन्या लुगड्याची वाकय-गोधडी शिवत बसे, लहान लेकराईसाठी लागते तशी, अन् कान इकडे. पुस्तकातल्या दाईनं काई हिंमतीचं केलं का सुई थांबे अन् म्हने, "हाव! अशीच पाह्यजे!" बाया हासत. "मावशी, तुमचीच गोष्ट हाय व ते!" ती म्हने, "मंग काय! लिहिनाऱ्याले कोनं सांगतलं कोन जाने."

तिचा चहाचा कप आमच्याकडे वेगया होता, कोनाड्यात. मीच धुवून तिथं ठेवो. हे लिहितानी मले लाज वाटते, पन होतं ते होतं.

माह्या पहिल्या खेपेले मी दोन दिवस अडली होती. मरूनच चालली होती मी. दोन दिवस ती माह्या जवयून उठली नाई, कपायावर हात ठेवून म्हने, "भेव नको पोरी, मी हाय ना." दुसऱ्यानं दिवस गेले तसं ते भेव वापस आलं, पहिलेपेक्षा मोठं होऊन. दर दोन दिवसानं मी तिले विचारो, "मावशी, तुमी येसान ना?" अन् ती म्हने, "नाई तं कोन येईन, तुही विहिरीतली दाई?"

आनखी एक बाई सांगाची राह्यली. कोपऱ्यावरच्या घरची काकू. वाती सगयात बारीक तिच्या, बोलनं सगयात कमी. चार सालाच्या आंधी तिचं लेकरू जनमतानीच गेलं, सुईनीच्याच हातात. तवा गावानं लय तोंड वाजवलं, सुईनीनंच काईतरी केलं म्हने. सालभर कोनी तिले बोलावलं नाई. काकू मातर एक शब्द बोलली नाई, ना बरा ना वाईट. आता दोघी एकाच ओसरीत बसत, एक ह्या टोकाले, एक त्या टोकाले, अन् एकमेकीकडे पाहत नसत. काकू रोज मी पुस्तक मिटलं का एवढंच विचारे, "लेकरू सापडलं का वं?" मी म्हनो, "नाई काकू, अजून नाई." ती म्हने, "बरं," अन् उठून जाये.

झालं असं का चौथ्या पुस्तकाच्या शेवटाले आलो आमी. मी काय करो, तोंडानं वाचाच्या आंधी डोयानं पुढची ओळ पाहून घेओ, कारन जोडाक्षर आलं का अडतो मी. त्या दिवशी डोये पुढं गेले अन् तिथंच खिळले. लिहिलं होतं का बाराव्या रात्री लेकराले बादलीत ठेवून विहिरीत सोडनारी दुसरी-तिसरी कोनी नव्हती, ते दाईच होती. सोन्याच्या लालसेनं.

सारे थांबले. "वाच ना वं! कोन होतं?"

पायरीवर सुईन सुई हातात धरून माह्याकडे पाहून राह्यली होती. ओसरीच्या त्या टोकाले काकू. अन् मी दोघींच्या मधात, सहाव्या महिन्यात. माह्या तोंडातून निंगलं, "ते होती... राजाची बहीन."

काय सांगू, ओसरी फुटली नुसती! "ननद! मी म्हनतच होती ननदच असन!" "पाह्यलं का, पहिल्या पुस्तकात कशी गोड गोड बोले!" एक बाई तं वातीचं टोपलंच सांडवून बसली. फक्त सासूले राग आला, तिची पोरगी म्हंजे माही ननद पुलगावले देल्ली हाय ना. ती म्हने, "ननद काऊन असन वं? ननदेनं काय घोडं मारलं कोनाचं? नीट वाच."

मी म्हनलं, "असंच लिहिलं हाय, आत्याबाई."

एक खोटं बोललं का त्याले दहा टेकू लावा लागते. पाचवं पुस्तक आलं, त्यात तं पानोपानी दाईचंच पाप. मी डोयानं एक वाचो अन् तोंडानं दुसरं. दाई लिहिलं असलं का ननद म्हनो, पन मंग ननद तं वर राजवाड्यात, ते खाली कशी आली? मंग तिले खाली आनाले एक घोडा केला, घोडा विहिरीत कसा उतरला म्हनून त्याले पंख देल्ले. घामेघूम होऊन जाओ मी. पाचवं पुस्तक अर्धं माह्याच डोक्यातलं हाय. साहावं त्या दुकानात आलंच नाई. मले वाटलं, सुटली बापा.

सुटली कुठची. एक दिवस हे कामावरून आले अन् सायकल लावता लावता म्हने, "ऐकलं का, तुमची विहीर टीव्हीत येऊन राह्यली. दर रविवारी सकायी."

गावात टीव्ही एकच, अन् तो सुईनीच्या घरी. तिचा पोरगा ब्यांकेत लागला होता, त्यानं आनला. छपरावर ही उंच काडी बांधली, तिले धरून फिरवलं का चित्र ये. बाया तं लगनाले निंगाल्यासारख्या झाल्या. सासू दोन दिवस तोंड वाकडं करून होती. "आता त्यायच्या पुऱ्यात जाऊन बसाव लागन का?" मंग शनिवारी स्वतःच म्हने, "गोष्ट तं आपली हाय. आपल्याच ओसरीतून गेली ते. पाहून तं घ्या लागन, बराबर करून राह्यले का नाई."

पहिल्या रविवारी पंधरा-वीस बाया सुईनीच्या घरात. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सतरंजी टाकली होती, अन् सुईन नवं लुगडं नेसून दरवाज्यात उभी, हातात चहाचा ट्रे. सासू म्हने, "मले नको, पित्त होते चहानं." घरी चार वेया पिते. सुईनीनं ट्रे पुढं नेला.

अन् मंग ते सुरू झालं अन् मी तुमाले सांगतो, एवढं भांडन कोन्या ग्रामसभेत झालं नसन.

"हे रानी? अवं, हे तं खाऊन-पिऊन सुखी दिसते! आपली रानी तं वाळलेली होती."

"बारा दिवसाच्या बाळंतिनीच्या डोक्याले फडकं नाई, कानात कापूस नाई. सर्दी होईन ना तिले!"

"अन् हे विहीर? पुठ्ठ्याची हाय. पाहा, तिनं हात लावला तं हालली."

"लेकरू तीन महिन्याचं हाय ते! मान धरून राह्यलं! बारा दिवसाचं कुठून मान धरीन?" हे सुईन बोलली, अन् ते बोलली म्हंजे शेवटचा निकाल. मंग दर रविवारी लेकरू दिसलं का सारे म्हनत, "आलं वं तीन महिन्याचं."

सिरियल हिंदीत होती, पन आमाले हिंदी समजते, कापसाच्या बाजारात अर्धी हिंदीच चालते. दाई आली तवा मातर सारे पुढं सरकले. टीव्हीतली दाई सुकी, काटक, कंबरेले पिशवी. तिनं सुपारी कातरली अन् बाया एकदम सुईनीकडे पाहून टाया वाजवाले लागल्या. सुईन पदर तोंडाले लावून हासली. लाजली ते! साठ वर्साची बुढी लाजली. मले तिथंच रडू आलं. बायाले वाटलं पोटुशी हाय, रडू येतेच.

अन् ती ननद! टीव्हीत ते लय गरीब, भल्ली बाई दाखवली होती, भावजयीचे पाय दाबे. आमच्या बाया दात खाऊन पाहत. "पाहा, पाहा, कशी पाय दाबून राह्यली चांडाळीन!" "दूध पाजते तिले. त्यात काय टाकलं असन देव जाने." बिचारी काई करेच ना, अन् बायाले तिचं एकएक पाऊल पापाचं दिसे. मी भिंतीले टेकून बसो अन् रविवार मोजो. माहे दिवस भरत आले होते अन् टीव्हीतलं चौथं पुस्तकई भरत आलं होतं. मले समजे नाई आंधी काय होईन.

मंग एका रविवारी शेवटाले दाखवलं का अंधारात कोनीतरी विहिरीजवय उभं, पाठमोरं, हातात गाठोडं. नेसनं दाईचं. तिथंच त्यायनं त्या दिवसाचं बंद केलं.

मंग एक बाई म्हने, "ननद हाय ते. दाईचं लुगडं नेसून आली."

"हाव ना! दाईवर नाव याव म्हनून!"

"लय चालू हाय वं!"

सुईन कप जमा कराले लागली. माह्याकडे एकदा पाह्यलं, मले वाटलं तरी तसं.

तो आठवडा मी जेवली का नाई आठवत नाई. डोक्यात एकच. पुढच्या रविवारी ते तोंड वळवन. तिच्याच घरात, तिच्याच टीव्हीत, साऱ्या गल्लीपुढं, अन् काकूपुढं. चार सालानं कसंबसं लोक भुलले होते. अन् तिले समजन का हे पोरगी माह्या तोंडावर खोटं वाचत होती, म्हंजे हिलेई मनात तेच वाटत होतं. मंग ती कायले येईन माह्या बाळंतपनाले? अन् ती नाई आली तं मी मरतो, हे मले पक्कं माहीत होतं.

रविवारी गाणं सुरू झालं, अन् मी पोट धरून वरडली, "मावशी! दुखून राह्यलं!"

असं खोटं बोलाचं नसते, ते खरं होते म्हनतात. भेवानं मले खरंच घाम फुटला. सासू अर्धी उठली, टीव्हीकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् म्हने, "जा वं सुईनी, घे तिले अंदर, मी आलीच, एवढं तोंड पाहून घेतो." एवढ्या भेवातई मले ते ऐकू आलं.

सुईन मले मागच्या खोलीत घेऊन गेली. वाकयीवर निजवलं, पोटावर हात ठेवला. तो हात सारं वाचते. बराच वेय ठेवला. मंग म्हने, "काईच नाई हाय. काऊन खोटं बोलली?"

मंग मले थांबताच नाई आलं. सारं सांगतलं. बादली, सोनं, ननद, पंखाचा घोडा, सारं. रडता रडता म्हनलं, "तुमी तिकडे जाऊ नका मावशी, ते टीव्हीत आता दाईच निंगनार हाय."

बाहेर टीव्हीत जोरजोरात वाजून राह्यलं होतं. मले वाटलं आता म्हनन, ऊठ, जाय तुह्या घरी. पन तिनं विचारलं, "पुस्तकात काऊन देल्लं म्हने तिनं लेकरू?"

"सोन्याच्या लालसेनं. एवढंच लिहिलं हाय."

"सोनं?" ती म्हने. "सुईनीले कोन सोनं देते वं पोरी? एक चोळीचा खन अन् शेरभर ज्वारी. लिहिनाऱ्यानं कधी सुईन पाह्यली नाई." मंग गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चाल. पाहू तं खरं, काय करते ते."

मी तिचा पदर धरला. तिनं सोडवून घेतला. हयूच, पन सोडवला.

आमी दरवाज्यात आलो अन् टीव्हीत तिनं तोंड वळवलं. दाईच. पिशवी, सुपारी, सारं तेच. बादली खाली चालली होती.

मंग एकएक करून साऱ्या बाया मागं वळल्या अन् सुईनीकडे पाह्यलं. हेच ते भेव होतं माहं, अन् ते माह्यापुढं उभं होतं. आंधी कोन बोललं असन सांगा? माही सासू! ज्या बाईले ननद मान्य नव्हती तेच. हात झटकून म्हने, "बंद करा ते! खोटं दाखवून राह्यले! माह्या सुनेनं पुस्तक वाचलं हाय, ननदच होती! सांग वं, काय लिहिलं होतं?"

सारी नजर माह्यावर. मी तोंड उघडलं. मले आता समजत नाई मी काय बोलनार होती. कारन सुईनच बोलली.

"पुस्तकात दाईच हाय. ह्या पोरीनं माह्यासाठी बदललं. मले वाईट वाटू नये म्हनून." अन् मंग ती त्या टोकाले पाहाले लागली, काकूकडे. चार सालात पहिल्यांदा. "सोनं तं कोनी देल्लं नाई मले. पन ते लेकरू आडवं होतं, मले हाताले समजलं होतं. मले वाटलं मी फिरवीन. दवाखान्यात न्या म्हनाले पाह्यजे होतं. मी तसं म्हनलं नाई. माह्या हाताचा मले गर्व होता. चुकली मी."

टीव्ही कोनं बंद केला ठाव नाई. काकूच्या मांडीवर वाती होत्या, इथंई घेऊन ये ती. एक वात तिनं पुरी केली, खाली ठेवली, अन् म्हने, "मले माहीत होतं मावशी. तुमी कवा बोलता, त्याचीच वाट पाहून राह्यली होती."

बस, एवढंच. दोघी रडल्या बिडल्या नाई. सुईन अंदर गेली अन् चहा ठेवला. ट्रे घेऊन आली तं काकूनं पहिला कप घेतला. मंग सासूपुढं आला. सासू कपाकडे पाहत राह्यली अन् म्हने, "साखर कमी टाकली ना? पित्त होते." अन् पेली. सारा पेली.

बायाचा राग मातर टीव्हीवरून उतरला नाई. दुसऱ्याच दिवशी मले पोस्टकार्ड आनून देल्लं, लिही म्हने त्यायले. मी लिहिलं: तुमच्या सिरियलात दाई चोर दाखवली, आमाले मान्य नाई, लेकरू तीन महिन्याचं हाय, रानीच्या कानात कापूस घाला. सुईन म्हने, "अन् हेई लिही, तिले सोनं कोनं देल्लं ते दाखवा. नुसतं लालसा लिहून होत नाई." खाली अंगठे लावाले जागा पुरली नाई, तं पत्त्याच्या बाजूले लावले. त्यायनं पत्ता पुसल्या गेला असन. जबाब आला नाई.

मले एकच फिकर होती. मी विचारलं नाई तिले, येसान का म्हनून. हिंमतच नाई झाली. दहा-बारा दिवसानं सकायी चूल पेटवतानी खरंच दुखाले लागलं, अन् कोनी बोलवाले जाईन तेवढ्यात ती अंगनात. म्हने, "काल तुही चाल पाह्यली नळावर. तवाच समजलं." पोटावर हात ठेवला. तो हात थांबला. मी तिच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती, अन् ते तोंड मी कधी भुलनार नाई.

"आडवं हाय," ते म्हने. "मी हात नाई लावत. हिंगनघाटले चाला. आत्ताच."

सासू म्हने, "अवं, पहिली तं तूच केली!"

"ह्या वेयी नाई," सुईन म्हने. "गाडी पाहा."

जिनिंगले जानारा कापसाचा टेम्पो भेटला. मले कापसावरच निजवलं, वरून ती तिची वाकय टाकली, अन् ती माह्या उशाले बसली, चपला हातात घेऊन. रस्ता सारा खड्ड्याचा. मी म्हनलं, "मावशी, मी मरतो." ती म्हने, "मरजो मंग. आंधी गोष्ट सांग. साहावं पुस्तक."

"साहावं नाई भेटलं मावशी."

"मले माहीत हाय. तुहं सांग. दाई पुढं काय करते?"

अन् मी सांगतलं. एक खड्डा आला का वरडो, खड्डा गेला का सांगो. का दाई खाली गेली ते पापानं नाई गेली, आपलं देल्लेलं वापस आनाले गेली. का हजारो लेकरात ती एकएकाचं अंगडं वर करून बेंबी पाहते. का सारं भुलली ती, नाव भुलली, रानीले भुलली, पन हात नाई भुलले. "मंग?" सुईन म्हने. "मंग?" अन् कपायावरचा घाम पुसे. नदीचा पूल आला तवा लेकरू सापडलं होतं, अन् वर चढाच्या पायऱ्या मोजनं चालू होतं.

दवाखान्यात डाक्टरीन बाईनं सुईनीले बाहेर थांबा म्हनलं. ती दरवाज्याले लागून उभी राह्यली, मले तिचं लुगडं दिसे फटीतून. पोट फाडाव लागलं. दुपारी पोरगी झाली. रडली लगेच, जोरानं. सुईनीनं तिले हातात घेतलं अन् आंधी फडकं वर करून बेंबी पाह्यली. म्हने, "चांगली बांधली. माह्या हातची नाई. पन आता पाहून ठेवली, ओयखीन."

सासू दोन दिवस बोलली नाई. दुसरी बी पोरगीच. तिसऱ्या दिवशी गावाले जाऊन आली अन् म्हने, "वाती तं होऊन राह्यल्या. थोड्याच बाकी हाय. त्या वातीले काय समजते पोरगा का पोरगी. लावून टाकू." लावल्या. साऱ्या बायायनं मिळून लावल्या, कापसाचा वास गल्लीभर.

आता लहानी तीन महिन्याची हाय, त्या टीव्हीतल्या लेकराएवढी झाली, मान धरते. सिरियल चालूच हाय, पाचव्या पुस्तकात आलं, अन् बाया रविवारी जाऊन भांडून येतात. दुपारी आमी पुन्हा वाचाले बसतो, पहिल्या पुस्तकापासून, पन आता सुईनीच्या वट्ट्यावर, तिथं वारं लागते अन् लहानीले पाळन्यात टाकता येते. सुईन आता पायरीवर नाई बसत, भिंतीले टेकून बसते. मी सारं खरं सांगून टाकलं हाय, म्हनून मधातच कोनी थांबवते, "हे पुस्तकातलं का तुहं?"

मी म्हनतो, "पुस्तकातलं."

"मंग तुहं वाच ना!"

काल मी पुस्तक मिटलं तं काकू उठली, लहानीच्या पाळन्याले एक झोका देल्ला अन् जाता जाता विचारलं, "तुह्या वाल्या साहाव्यात सापडते ना वं?"

मी म्हनलं, "हाव काकू, सापडते."

ती म्हने, "मंग उद्या लवकर बसू."